तो म्हणाला की मी

आमच्या इमारतीची विहीर मी रोज रात्री रंगवते आणि माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही, असं एक निवेदन पालघरच्या एका सरकारी कार्यालयात जमा आहे. निवेदन इंग्रजीत आहे. अक्षर माझं, खाली सही माझी. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून जावं लागतं. विहीर मी रंगवलेली नाही हे मात्र आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीत अजूनही दोन-चार माणसं माझ्याकडे संशयाने बघतात.

इमारतीचं नाव ‘सागरदर्शन’. गच्चीवर जाऊन टाचा उंच केल्या तर तारापूर एमआयडीसीच्या चिमण्यांचं दर्शन होतं. सागर बिल्डरने पाहिला असेल. पण या जागेवर पूर्वी वाडी होती आणि वाडीतली विहीर बिल्डरने बुजवली नाही, एवढे उपकार त्याच्या नावावर मांडायला हवेत. प्यायला आम्ही जार घेतो. आंघोळ, धुणीभांडी, फरशी सगळं विहिरीवर. तिच्यावर मोटर बसवली आहे, ती पहाटे मी लावते, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून घराघरात उतरतं.

एका सकाळी ते गुलाबी उतरलं.

आमचे हे, म्हणजे कैलास बोरसे, एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. मी बनियन धुऊन वाळत घातले होते ते त्यांनी न बघता अंगात चढवले आणि गेले. तिथे घामाने शर्ट चिकटला आणि आतली गुलाबी छटा बाहेर आली. घरी आल्यावर म्हणाले, “अगं, डिपार्टमेंटला सगळे विचारत होते, घरी काही कार्य आहे का.” रागावले नाहीत. त्यांचा तो स्वभावच नाही, आणि त्यामुळे घरातला रागाचा सगळा कोटा मलाच संपवावा लागतो.

रंग कुठून येतो हे काही कोडं नव्हतं. इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून भाग्येशचा गाळा आहे. तिथे सूत रंगवतात. भाग्येश मूळचा केळव्याजवळच्या माहीमचा, वडिलांची पानवेलीची वाडी होती. त्याने इकडे येऊन गाळा टाकला, गळ्यात साखळी घातली आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायला लागला. गाळ्यातून एक पाइप निघतो तो सरळ आमच्या विहिरीच्या कठड्याखाली जातो. रात्री तो वाहतो. वारानुसार रंग. सोमवारी आणि गुरुवारी गुलाबी, मधे हिरवा, सणासुदीच्या आधी जांभळा.

गच्चीवर मीटिंग झाली. अध्यक्ष झुंबरराव गर्जे. बीडकडचे, पॉवर प्लांटमधून निवृत्त झालेले आणि अध्यक्षपदावर कायमचे रुजू झालेले. त्यांनी भाषण केलं, त्यात पाणी हा शब्द बराच वेळ आला नाही. मग ते म्हणाले, “तक्रार इंग्रजीत द्यावी लागंल. मी चौकशी करून आलोय. त्या हापिसात इंग्रजीतच घेतात.”

सगळ्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षा दुसऱ्या मजल्यावर राहते, इंग्रजी शाळेत शिकवते. ती म्हणाली, “माझे पेपर तपासायचे चाललेत, काका.” पेपर तिचे बाराही महिने तपासायचे चाललेले असतात. मग तिने मान माझ्याकडे वळवली. “पण काकू शिकतायत ना इंग्रजी. मी पाहिलंय, गॅलरीत ग्रामर घेऊन बसतात.”

हे इथे सांगायला हवं. माझी शाळा नववीत सुटली. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा तिच्या दप्तराच्या पेटीत एक जाडजूड व्याकरण मिळालं, ते रद्दीत न घालता मी वाचायला घेतलं. कोणाला दाखवायला नाही. दुपारी मला मालिका बघवत नाहीत एवढंच. नाम झालं, क्रियापद झालं, कर्तरी-कर्मणी झालं आणि मी नेमकी ‘रिपोर्टेड स्पीच’ या धड्याच्या दारात उभी होते. म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडाने कसं सांगायचं. मला वाटलं, हा तर माझा हातखंडा विषय. आमच्या खानदेशात कोणत्याही बाईला उठवून विचारा, तिला शेजारणीचं बोलणं सांगायला व्याकरण लागत नाही.

“लिहिते मी,” मी म्हणाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झुंबरराव एवढंच म्हणाले, “बघा बुवा, इमारतीचं नाव खराब व्हायला नको.”

निवेदनात दोन्ही बाजू असाव्यात असं मला वाटलं, म्हणून भाग्येश काय म्हणतो ते विचारायला गेले. एकटी नको म्हणून तळमजल्यावरच्या येसूबाईंना सोबत घेतलं. येसूबाई मासळी विकतात, बोईसरच्या बाजारात त्यांचा ओटा आहे. त्यांचं पापलेट ताजं आहे की नाही असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक पुन्हा बोलतं झाल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

भाग्येश खुर्चीत मोबाइल बघत होता. मी म्हणाले, “दादा, विहिरीत रंग येतोय.”

“येतोय कना,” तो म्हणाला. “मी सोडतो रोज रात्री रंगाचं पाणी. मग? माजं कोणी कायपन वाकडं करू शकत नाय. जा, लिवा कुठं लिवायचं ते.”

“आरं मेल्या, तुजी आई त्याच हिरीचं पानी पिऊन गेली अस्ती तर?” येसूबाई म्हणाल्या.

“माजी आई बिसलेरी पिते,” भाग्येश म्हणाला.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. धड्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, अवतरणचिन्हं काढून टाका आणि ‘दॅट’ घाला. सोपं होतं. दॅट म्हणजे आपला ‘की’. पुढे पान उलटणार तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली, आणि मी उठले. त्या शिट्टीने माझा घात केला. पण दोष तिला तरी किती द्यायचा. तो म्हणाला की मी रंग सोडतो. मराठीत यापेक्षा सरळ वाक्य असू शकत नाही. मी तेच इंग्रजीत उतरवलं: ‘ओनर भाग्येश सेड दॅट आय लीव्ह कलर वॉटर इन द वेल एव्हरी नाइट अँड नोबडी कॅन डू एनिथिंग टू मी.’ खाली सही. हेमांगी कैलास बोरसे.

मी ते तीनदा वाचलं. कानाला फार छान लागलं. ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “वा.” ह्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा एक धडा मागे आहे.

काही दिवसांनी उत्तर आलं. झुंबररावांनी ते जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचलं, कारण त्यांना वाटलं अभिनंदन असेल. मजकूर मराठीतच होता, आणि सरकारी मराठी समजायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे जिन्यात गर्दी जमेपर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. लिहिलं होतं की, ‘गाळामालक श्री. भाग्येश यांनी आपणावर केलेला आरोप, म्हणजे आपण दररोज रात्री विहिरीत रंगीत पाणी सोडता, हा आपण स्वतःच्या स्वाक्षरीने नोंदविला असून त्याचा कोठेही इन्कार केलेला नाही. तसेच आपले कोणीही काहीही करू शकत नाही अशा आशयाचे उद्गार काढून आपण शासनास आव्हान दिले आहे. तरी आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.’

जिन्यातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“वहिनी,” झुंबरराव म्हणाले, “तुम्ही कबूल कशाला केलंत?”

“मी काहीच कबूल केलेलं नाही.”

“मग नोकरी तुमच्या मिस्टरांची केमिकलमध्ये आहे ना? रंग घरी आणतात का काही?”

तिथून पुढे सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. समोरच्या हेमांगीने, माझ्याच नावाची आहे म्हणून तिला स्वतःच्या अब्रूचीही काळजी होती, सांगितलं की खुलाशात नुसतं ‘हेमांगी’ असं लिहू नका, लोक मला समजतील. वरचे दुबेजी हिंदीत म्हणाले, “भाभीजी, सरकार से पंगा नहीं. माफी माँग लीजिए, बात खतम.” मी विचारलं, “कशाची माफी?” ते म्हणाले, “जो भी लिखा है उसकी.” रंभाबाई, ज्या आमचे जिने झाडतात आणि रोज त्याच विहिरीच्या पाण्याने फरशी पुसतात, हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, “तुमाला रंग कुठं मिलतो ताई? आमच्या पोरीच्या लग्नाची साडी रंगवायची हाय.” सल्ल्यांमधला तो एकच कामाचा होता.

खरं सांगायचं तर मला रडू आलं. अब्रूचं नाही, सर्वनामाचं. एवढ्या मोठ्या भाषेत एक ‘आय’, एकच अक्षर, आणि तेही माझ्या बाजूने उभं राहू नये.

हे संध्याकाळी माझ्यासाठी चहा ठेवायला उठले. ह्यांचा चहा पिववत नाही, पण ठेवतात. म्हणाले, “तू केलेलं नाहीस, मला माहीत आहे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तुझा गुलाबी कधीच एवढा एकसारखा बसला नसता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरहून रिक्षाने पालघर गाठलं. वाटेतल्या उमरोळीपर्यंत तोंडात खुलासा घोळवत होते, पालघर आलं तेव्हा तो गिळला गेला होता. कार्यालयात धीरज नावाचा कारकून आहे. वागायला वाईट नाही, फक्त प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘साहेब म्हणतात’ अशी करतो. मी म्हणाले, “अहो, तो म्हणाला की मी सोडतो. म्हणजे तो सोडतो.”

“मॅडम, इथे आय आहे. आय म्हणजे कोण? सही करणारा.”

“मराठीत वाचा ना ते.”

“मराठीत कसं वाचू, इंग्रजीत लिहिलंय. आणि साहेब म्हणतात निवेदन इंग्रजीतच हवं. सुधारून द्या. तोवर नोटीस उभी राहणार.”

नोटीस उभी, आणि तिच्यासमोर मी. परत येऊन मी उत्कर्षाच्या दारात जाऊन बसले. तिने पेपर बाजूला केले, कारण माझ्यावर पोलीस केस झाली तर वर्तमानपत्रात तिच्या मजल्याचा उल्लेख येईल अशी तिला भीती वाटत होती. म्हणाली, “काकू, नुसतं दॅट घालून कसं चालेल? प्रोनाउन बदला. तो स्वतःबद्दल बोलतोय ना, मग ‘ही’. शिवाय टेन्स एक पाऊल मागे न्यायचा. इज चं वॉज. टुडे चं दॅट डे. हिअर चं देअर.”

“हिअर चं देअर का? विहीर तर इथेच आहे.”

“तुम्ही सांगताय ना नंतर, दुसरीकडे जाऊन. नियम आहे.”

मी रात्रीचा स्वयंपाक लवकर उरकून ते पान वाचलं. तेव्हा मला या भाषेचा स्वभाव कळला. आमच्याकडे एखाद्याचं बोलणं सांगायचं तर तो माणूस आख्खा उचलून आणतात. त्याचा आवाज, त्याचे हात, त्याची मान हलवायची तऱ्हा, आणि त्याचा ‘मी’ सुद्धा. इंग्रजीत त्याला आधी आंघोळ घालतात, त्याचा ‘मी’ काढून घेतात, त्याला कालच्या तारखेत बसवतात आणि दूर उभा करून बोटाने दाखवतात. सभ्य रीत आहे. मला शिकायचं होतं, मी शिकले. सगळ्यांची बोलणी घेतली, प्रत्येकाचं क्रियापद मागे ढकललं, आणि दुसरं निवेदन लिहिलं. उत्कर्षाने लाल पेन काढलं आणि एकही खूण न करता बंद केलं. तिच्या तोंडून “परफेक्ट” असा शब्द निघाला. नववीनंतर मला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र.

त्याचं उत्तर आलं ते असं: ‘अर्जदाराच्या सुधारित निवेदनानुसार सदर पाणी त्या दिवशी व तेथे गुलाबी होते. सद्यस्थितीत, तसेच येथे, पाणी गुलाबी असल्याचे कोठेही नमूद नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पूर्वीची नोटीस मात्र कायम आहे.’ प्रत माहितीसाठी: ‘श्री. झुंबरराव गर्जे, माजी अध्यक्ष.’

म्हणजे कागदावर विहीर आता स्वच्छ होती आणि ती घाण करणारी मी होते.

पण हे झुंबररावांच्या डोक्यात शिरलंच नाही. ते कागदाच्या शेवटच्या ओळीवर अडकले. “माजी? मी माजी कसा?”

“तुम्ही म्हणालात ना, मी अध्यक्ष आहे. मग मी लिहिलं, ‘ही सेड दॅट ही वॉज द चेअरमन’.”

“वॉज?” ते म्हणाले. “वहिनी, मी जिवंत असताना तुम्ही वॉज लिहिलंत?”

“नियम आहे.”

“कुठला नियम? सोसायटीच्या उपविधीत दाखवा.”

त्यांनी त्याच संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहिलं की अध्यक्ष तेच आहेत व राहतील, कोणी अफवांवर विश्वास ठेवू नये. त्या दिवशी नळाला हिरवं पाणी होतं. समोरच्या हेमांगीने त्यानेच डोकं धुतलं होतं. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

त्या रात्री मी पुस्तक बंद केलं आणि पिशवीत घातलं. रागाने नाही. पुस्तक आपल्या जागी बरोबरच होतं. पण माझं नाव नोटिशीवर होतं, आणि ह्यांच्या कारखान्यात कोणी विचारलं तर ह्यांनी मान खाली घालावी हे मला चालणार नव्हतं. मी कोरे कागद घेतले आणि मराठीत लिहिलं. कोणाचंही वाक्य वळवलं नाही. जो जसं बोलला तसं, त्याच्या नावापुढे, दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये. भाग्येशचं ‘कायपन’, येसूबाईंचं ‘आरं मेल्या’, दुबेजींची हिंदी. दुबेजी घाबरून म्हणाले, “मेरा नाम काट दीजिए.” मी ते वाक्यही अवतरणात घातलं.

पालघरला धीरजने कागद बघून परत सरकवले. “मॅडम, मराठी नाही. साहेब म्हणतात…”

“साहेब काय म्हणतात ते मी साहेबांच्या तोंडून ऐकते,” मी म्हणाले आणि बाकावर बसले.

“साहेब बिझी आहेत.”

“मीही होते. भाजी निवडून आले.” पिशवीतून मटार काढून मी सोलायला घेतले, कारण खरं तर भाजी निवडून झाली नव्हती. “आणि राज्याचा कारभार मराठीत चालतो असं मी वाचलंय. तुम्ही मराठी घेत नाही असं मला लेखी द्या. कोणत्या भाषेत द्यायचं ते तुम्ही ठरवा. इंग्रजीत देत असाल तर ‘आय’ वापरताना जपा.”

धीरज आत गेला. मग बाजूच्या टेबलावर गेला, मग त्याच्या बाजूच्या. मटारच्या शेंगा संपायला आल्या तेव्हा साहेबच बाहेर आले. साताऱ्याकडचे निघाले, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होते. म्हणाले, “इंग्रजीचं काय प्रकरण आहे, धीरज?”

“सर, तुम्हीच म्हणालात ना, इंग्रजीतच हवं.”

“मी? मी म्हणालो होतो, इंग्रजीत असलं तरी चालेल.”

धीरजने पहिल्या टेबलाकडे पाहिलं. पहिल्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “मला दुसऱ्या टेबलाने सांगितलं, इंग्रजीत असलं तर चालेल.” दुसरं टेबल फाइलमध्ये तोंड घालून बसलं होतं. एक ‘तरी’ होता, एका टेबलावर त्याचा ‘तर’ झाला आणि पुढच्यावर त्याला ‘च’ लागला. इतक्या लहान खोलीत एवढा मोठा अपघात मी पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या पालघर जिल्ह्यातल्या अडलेल्या बाया आल्या, आपापले इंग्रजी अर्ज हातात धरून.

साहेबांनी माझा कागद उभ्याउभ्याच वाचला. ‘माजी आई बिसलेरी पिते’ला त्यांची मिशी हलली. म्हणाले, “गुरुवारी येतो मी जागेवर. पंचनामा करू. पण बाई, तिथे लोकांनी बोललं पाहिजे.”

“बोलतील,” मी म्हणाले. आमच्या इमारतीत न बोलणं हा प्रकारच नव्हता.

गुरुवारी साहेब आले, धीरज आला, भाग्येशही भिंतीपलीकडून आला आणि साखळीशी खेळत उभा राहिला. विहिरीभोवती सगळी इमारत जमली. साहेबांनी विचारलं, “पाणी रंगीत येतं का?”

झुंबररावांनी घसा साफ केला. “म्हणजे, लोक तसं म्हणतात साहेब.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी लोकांच्या बाहेर नाही. पण असं कानावर आहे.” इमारतीला पार्किंग नाही. झुंबररावांची गाडी भाग्येशच्या मोकळ्या जागेत उभी राहते, हे मला त्या क्षणी आठवलं. दुबेजी म्हणाले, “सुना तो है.” दुबेजींचा भाऊ त्याच गाळ्यात कामाला. हेमांगी टोपी घालून आली होती, ती काढायला तयार झाली नाही. उत्कर्षा म्हणाली, “इट इज सेड दॅट,” आणि पुढे काही म्हणालीच नाही. घरात रोज दुसऱ्याचं बोलणं तोंडासकट सांगणारी माणसं, विहिरीच्या काठावर आली आणि सगळी एकदम पुस्तकातल्या नियमाने बोलायला लागली. कोणीच कर्ता नाही. म्हटलं जातं, ऐकण्यात आहे, चर्चा आहे.

भाग्येश हसला. “साहेब, मी असं कायपन बोललो नाय. ह्या बाईनेच लिवून दिलंय की मी सोडते. कागद तुमच्याकडेच हाय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भाग्येशला त्या निवेदनाचा मजकूर कुठून कळला होता कोणास ठाऊक. माझ्या मनात आलं, या ‘मी’साठी एवढी धावपळ केली, आता तो हातात आलाय तर टाकायचा कशाला.

“साहेब,” मी म्हणाले, “लोक काय म्हणतात ते सोडा. लिहा, हेमांगी बोरसे म्हणते. पहाटे मोटर लावायला मी येते. त्या पाइपातून रंग पडताना मी पाहते. हा माणूस माझ्यासमोर म्हणाला की मी सोडतो. त्याने नाही म्हटलं तरी मी माझं म्हणणं बदलणार नाही.”

“माजं बी लिवा,” येसूबाई मागून म्हणाल्या. “मी तितंच हुती. आनि मला त्याच्या पार्किंगची गरज नाय, माजी पाटी डोक्यावरच ऱ्हाते.”

झुंबररावांनी चष्मा पुसायला काढला.

साहेबांनी धीरजला सांगितलं, लिही. धीरज विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहू लागला. मग मोठ्याने वाचून दाखवलं: ‘हेमांगी कैलास बोरसे म्हणाल्या की, मी स्वतः पाइपातून रंग पडताना पाहिला. गाळामालक मला म्हणाला की, मी रोज रात्री रंगाचं पाणी सोडतो.’ दोन मी, एकाच ओळीत, शेजारी शेजारी. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणालाही शंका आली नाही की कुठला मी कोणाचा. भाग्येशलाही नाही. त्याचं साखळीशी खेळणं थांबलं होतं.

“सही करा बाई,” साहेब म्हणाले.

मी पुढचं वाक्य वाचलं. ‘विहिरीचे पाणी गुलाबी होते.’ पेन खाली ठेवलं.

“हे ‘आहे’ करा.”

“बाई, पंचनाम्यात भूतकाळच असतो. पद्धत आहे.”

“असेल. मागच्या वेळी ‘होते’ लिहिलं म्हणून तुमच्याच कार्यालयाने पाणी स्वच्छ करून टाकलं. पाणी आत्ता गुलाबी आहे. बघा.” रंभाबाईंनी न सांगताच बादली विहिरीत सोडली होती. ती वर आली आणि साहेबांच्या बुटांपाशी टेकली. त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग धीरजच्या हातातून पेन घेऊन ‘होते’वर स्वतः काट मारली, वर ‘आहे’ लिहिलं आणि कडेला आपली छोटी सही केली. तेव्हा मी माझी केली.

पाण्याचा नमुना बाटलीत भरला गेला. पाइपाच्या तोंडाला त्याच दुपारी सील लागलं. माझ्यावरची नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं, त्यात माझं आडनाव चुकलेलं होतं, तेवढं मी सोडून दिलं. ह्यांनी विहीर उपसायला कारखान्यातून पंप आणला आणि दोन रविवार पाणी काढलं. आता ते बिनरंगाचं येतं. समोरच्या हेमांगीचे कापलेले केस मात्र अजून वाढतायत.

गेल्या आठवड्यात गच्चीवर मीटिंग झाली. इतिवृत्त लिहायचं काम आता माझ्याकडे आलंय, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नाही. झुंबरराव खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, “वहिनी, लिहा. अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे विहीर स्वच्छ झाली, असं सर्व सभासदांनी एकमुखाने सांगितलं.”

“सर्व म्हणजे कोण?” मी विचारलं. “एकेकाचं नाव सांगा.”

झुंबररावांनी गच्चीभर नजर फिरवली. दुबेजी आकाशाकडे बघत होते. उत्कर्षाने पेपर काढले.

“मी तं नाय म्हनत बा,” येसूबाई म्हणाल्या.

मी ते वाक्य जसंच्या तसं, दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये, लिहून घेतलं.